आयटक, इंग्रजी अंमल आणि पोर्तुगीज गोवा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या कामगार चळवळीची गोष्ट सहसा १९ डिसेंबर १९६१ नंतर, म्हणजे गोवा मुक्त झाल्यावरच सुरू केली जाते. देशातल्या सर्वांत जुन्या कामगार महासंघाची, म्हणजे आयटकची गोष्ट मात्र १९२० पासूनची आहे. त्या काळचा संघटित गोंयकार (गोव्याचा) कामगार शोधायचा तर वास्कोत किंवा डिचोलीत शोधून उपयोग नाही, मुंबईला जावं लागतं. कॉलेजातली मुलं, युनियनचे नवे कार्यकर्ते आणि ज्यांच्या घरात कुणी तारवटी (बोटीवरचा खलाशी) होऊन गेला असे वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत. काहींना दोन ओळी पुरतात, काहींना पुरत नाहीत.

आयटक म्हणजे नेमकं काय? ती कधी सुरू झाली?

आयटक म्हणजे अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस. ही एक युनियन नव्हे. गिरण्या, रेल्वे, बंदरं, खाणी अशा ठिकाणच्या वेगवेगळ्या युनियन जिच्याशी संलग्न होतात, ती ही मध्यवर्ती संघटना. तिचं पहिलं अधिवेशन ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत एम्पायर थिएटरात भरलं. अध्यक्ष लाला लजपतराय, सरचिटणीस दिवाण चमनलाल. ६४ संघटना आणि त्यांचे सुमारे १ लाख ४० हजार सभासद तिच्यामागे होते, असा आकडा दिला जातो.

साम्राज्यशाही आणि लष्करशाही ही भांडवलशाहीची जुळी अपत्यं आहेत, अशा अर्थाचं लजपतरायांचं त्या भाषणातलं वाक्य अजूनही कामगार सभांतून ऐकू येतं. बोलणारे गृहस्थ स्वतः कामगार नव्हते आणि कम्युनिस्टही नव्हते. ते पंजाबातले वकील आणि काँग्रेसचे पुढारी. पहिली कित्येक वर्षं आयटकच्या व्यासपीठावर वकील आणि समाजसेवक यांचीच गर्दी असे. हे लक्षात ठेवलं तर पुढची भांडणं समजायला सोपी जातात.

त्याआधी कामगार संघटना नव्हत्याच का?

होत्या, पण विखुरलेल्या. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारला दिलं आणि मिलहँड्स असोसिएशन उभी केली. आठवड्याची सुट्टी ही त्यांची मुख्य मागणी, ती १८९० साली मान्य झाली. आज आपण रविवारी सकाळी निवांत मासळी आणायला बाजारात जातो, त्यात लोखंड्यांचा वाटा आहे. पण या संघटनेला वर्गणी नव्हती, सभासदांची वही नव्हती, घटनाही नव्हती.

१९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवलं, वर्षाला एक दिवस. त्या संपामागे कुठली युनियन नव्हती. नियमित वर्गणी घेणारी, आजच्या अर्थाने युनियन म्हणावी अशी पहिली संघटना म्हणून १९१८ सालच्या मद्रास लेबर युनियनचं नाव घेतलं जातं. तिचे अध्यक्ष बी. पी. वाडिया.

मग १९२० सालीच अखिल भारतीय संघटना का निघाली?

दोन कारणं एकत्र आली. पहिलं पोटाचं. महायुद्धाच्या काळात धान्य-कापडाचे भाव चढले, गिरणीमालकांनी नफा कमावला आणि मजुरी मागे राहिली. जानेवारी १९१९ मध्ये मुंबईत लाखावर गिरणी कामगार संपावर गेले, पुढच्या जानेवारीत पुन्हा.

दुसरं कारण कमी सांगितलं जातं, पण तारीख ठरवली ती त्यानेच. व्हर्सायच्या तहातून १९१९ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटना निघाली. तिच्या परिषदेला प्रत्येक देशाने सरकारचे, मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी पाठवायचे होते, आणि कामगारांचा प्रतिनिधी देशातल्या प्रातिनिधिक कामगार संघटनेशी बोलून ठरवायचा होता. हिंदुस्थानात तशी संघटनाच नव्हती. त्यामुळे १९१९ च्या वॉशिंग्टन परिषदेला सरकारने आपल्याच पसंतीने ना. म. जोशी यांना पाठवलं. जोशी माणूस चांगला. कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे, सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे सभासद, १९११ पासून मुंबईत सोशल सर्व्हिस लीग चालवणारे. पण प्रतिनिधी सरकारने का निवडावा, हा प्रश्न उरलाच. तो मोडून काढायला देशव्यापी संघटना हवी होती. ज्या टिळकांकडे या मंडळींचे डोळे लागले असते, ते १ ऑगस्ट १९२० रोजी गेले. तीन महिन्यांनी अधिवेशन भरलं.

जोसेफ बाप्टिस्टा गोंयकार होते ना?

नाही. हा गैरसमज गोव्यात फार पसरलेला आहे आणि आडनावामुळे तो होणं साहजिक आहे. ‘काका’ बाप्टिस्टा हे ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्याच मूळच्या ख्रिस्ती समाजाचे, माझगावच्या माथारपाखाडीतले. बॅरिस्टर, टिळकांचे जवळचे सहकारी, होमरूल लीगचे पुढारी, १९२५ साली मुंबईचे महापौर. आयटकच्या उभारणीत त्यांचा मोठा हात होता. १९२१ साली झरियाला भरलेल्या दुसऱ्या अधिवेशनाचे अध्यक्षही तेच. झरिया म्हणजे कोळशाच्या खाणींचा मुलूख. तिथे अधिवेशन भरवायला खाणमालकांचा कडवा विरोध होता, तरी खाण कामगार हजारोंनी आले.

गोंयकारांशी त्यांचा संबंध होता तो शेजाराचा. माझगाव, डाबूल, धोबीतलाव या भागांत गोव्याच्या लोकांच्या कुडी, म्हणजे राहण्याच्या सामाईक खोल्या, होत्या, आणि बंदरावर कामाला जाणारा गोंयकार याच रस्त्यांवरून जात-येत असे.

मग गोंयकार या इतिहासात आहेत कुठे?

बोटीवर.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोव्यात कारखाने जवळजवळ नव्हतेच. शेती भटकाराची, म्हणजे जमीनदाराची, किंवा कोमुनिदादीची, म्हणजे गावाच्या सामाईक मालकीची. शिकलेल्याला कारकुनी, बाकीच्यांना परदेश. पेडणे, डिचोलीकडची माणसं सावंतवाडीकरांच्या जोडीने गिरणगावाची वाट धरत. सासष्टी, बार्देशची ख्रिस्ती मुलं मुंबईत कुडीत उतरत. कूड म्हणजे गावाने चालवलेली खोली. एका मोठ्या दालनात भिंतीला लागून ओळीने पेटारे, रात्री पेटाऱ्यासमोर चटई, एका कोपऱ्यात गावच्या सायबाचं आल्तार (वेदी), संध्याकाळी तेर्स (जपमाळेची प्रार्थना) चुकवायचा नाही. भाडं नाममात्र. ज्याला बोट मिळाली तो जाई, ज्याची बोट सुटली तो परत येऊन आपल्या पेटाऱ्यापाशी पडे. अशा कुडी मुंबईत शेकड्यांनी होत्या, जवळजवळ प्रत्येक गावची वेगळी.

बोटीवर कामाची वाटणी जात-धर्म-प्रांत पाहून झालेली असे. डेकवर बहुतेक रत्नागिरी, गुजरात, दीव-दमणकडचे, इंजिनखान्यात पंजाबी आणि पठाण, आणि सलूनमध्ये, म्हणजे स्वयंपाक आणि प्रवाशांची सरबराई याकडे, गोंयकार. आचारी, बटलर, स्टुअर्ड, बेकर. पी. अँड ओ. आणि बी. आय. (ब्रिटिश इंडिया) या कंपन्यांच्या बोटींवर गोंयकार बटलर ही ठरलेलीच गोष्ट होती.

खरी लूट पगारात नव्हती, भरतीत होती. नोकरी मिळायची ती दलालामार्फत किंवा घाट सारंगामार्फत. हाच माणूस खाणावळ चालवी, उधारी देई आणि बोटीवर कुणाला घ्यायचं तेही ठरवी. पगाराची आगाऊ रक्कम हातात पडायच्या आधीच त्याच्या खिशात जाई. सलूनच्या लोकांना चीफ स्टुअर्डची आणि बटलरची मर्जी राखावी लागे, आणि ती फुकट राखली जात नसे. एकेका बोटीनंतर महिनोन्‌महिने बसून राहावं लागे, म्हणून दस्तुरी (नोकरीसाठीचे पैसे) देणाऱ्यांची रांग कधी संपत नसे.

कामगार एकत्र आले ते याच भरतीच्या प्रश्नावर. १८९६ साली मुंबईत गोव्याच्या खलाशांचा क्लब निघाला. आजची नॅशनल युनियन ऑफ सीफेअरर्स ऑफ इंडिया, म्हणजे नुसी, आपली वंशावळ तिथपर्यंत नेते. मधल्या काळात मुंबईच्या खलाशांच्या दोन-तीन संघटना झाल्या आणि फुटल्या, कारण सलूनवाले एकीकडे आणि डेक-इंजिनवाले दुसरीकडे अशी ओढ कायम राहिली. १९२६ च्या सुमारास त्यांची एकजूट करण्यात ना. म. जोशींचा भाग होता. पुढे सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचेच दिनकर देसाई यांनी ती युनियन बरीच वर्षं सांभाळली. हे अंकोल्याचे, कन्नड कवी म्हणूनही प्रसिद्ध. आमच्या कारवारच्या शेजाऱ्यांना कवी ठाऊक आहे, युनियनवाला ठाऊक नाही.

१९२० सालीच आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या जिनोआ परिषदेत खलाशांच्या भरतीवर पैसे घेऊ नयेत असा ठराव झाला होता. १९२२ साली हिंदुस्थान सरकारच्या समितीनेही दलाल हटवून भरती कचेऱ्या काढायची शिफारस केली. त्यानंतर काय झालं? कंपन्यांनी कुरकुर केली, सरकारने फाईल बांधून ठेवली. नीट कचेऱ्या आणि पाळीने काम देणारी यादी यायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं.

हे गोंयकार तर पोर्तुगीज प्रजाजन. त्यांना ब्रिटिश हद्दीतल्या युनियनचं सभासद होता येत होतं?

येत होतं. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात नोंदणीसाठी किमान सात सभासद लागत, पदाधिकाऱ्यांपैकी निम्मे तरी त्या धंद्यात प्रत्यक्ष काम करणारे लागत. सभासद कुठल्या देशाचा, याबद्दल कायदा काही विचारत नव्हता.

म्हणजे असोळण्याचा एखादा स्टुअर्ड मुंबईत युनियनची वर्गणी भरत होता, सभेत बोलत होता, संपाला हात वर करत होता. तोच रजेवर घरी आला की कासल रॉकची हद्द ओलांडल्यावर तसली सभा भरवणं गुन्हा होता. माणूस एक, कामही एक. आयटकच्या वसाहतकालीन इतिहासात गोव्याला जागा का नाही, याचं उत्तर सारं या हद्दीत आहे. गोंयकारांना चळवळीचं वावडं होतं म्हणून नव्हे.

म्हणजे इंग्रज उदार होते असं म्हणायचं?

अजिबात नाही. १९२६ चा कायदा आला कसा ते पाहा. मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलने वाडियांवर दावा लावला आणि हायकोर्टाने युनियनच्या पुढाऱ्यांना कामगारांना संपाला उठवण्यापासून मनाई केली. युनियन चालवणं हाच करारभंगाचा कट ठरू शकतो, हे तेव्हा उघड झालं. वाडियांना युनियन सोडावी लागली तेव्हा दावा मिटला. त्यानंतर मार्च १९२१ मध्ये जोशींनी कायदेमंडळात ठराव आणला आणि कायदा व्हायला पुढची पाच वर्षं गेली.

कायदा झाला तरी तुरुंग होताच. १९२८ साली मुंबईच्या गिरण्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, सहा महिने बंद राहिल्या. गिरणी कामगार युनियन त्या संपातच वाढली. २० मार्च १९२९ रोजी सरकारने देशभर धाडी घातल्या आणि मीरत कटाचा खटला उभा केला. डांगे, मिरजकर, घाटे, जोगळेकर, निंबकर, अधिकारी हे तर होतेच, शिवाय अर्जुन आळवे आणि कासले हे प्रत्यक्ष गिरणीत काम केलेले पुढारीही होते, आणि दोन-तीन इंग्रज. खटला चार वर्षं चालला. मुद्दाम मीरतला, कारण मुंबई-कलकत्त्यात ज्यूरी बसवावी लागली असती.

तरीही फरक होता. इंग्रजी राज्यात युनियन नोंदवता येत होती, खटला उघड्या कोर्टात चालत होता, वर्तमानपत्रात छापून येत होता. गोव्यात यातलं काहीच नव्हतं.

आयटक किती वेळा फुटली?

स्वातंत्र्यापर्यंत ठळक फुटी चार. १९२९ च्या नागपूर अधिवेशनात, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू असताना, डाव्यांनी कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या सरकारी व्हिटली कमिशनवर बहिष्काराचा ठराव मंजूर करून घेतला. त्या कमिशनवर जोशी आणि चमनलाल स्वतः सभासद होते! जोशी, व्ही. व्ही. गिरी आणि मवाळ मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी वेगळं फेडरेशन काढलं. १९३१ ला कलकत्त्यात, सुभाषचंद्र बोस अध्यक्ष असताना, कम्युनिस्टांचा एक गट बाहेर पडला आणि त्याने रेड ट्रेड युनियन काँग्रेस काढली. ती १९३५ साली परत आली. मवाळांचं फेडरेशन १९३८ साली जोडलं गेलं आणि १९४० साली पूर्ण विलीन झालं. जोशी पुन्हा सरचिटणीस झाले, ते १९४८ पर्यंत. त्यांच्यासारखा भांडण झाल्यावरही दार उघडं ठेवणारा माणूस चळवळीत फार झाला नाही, असं माझं मत आहे.

१९४१ साली युद्धाला पाठिंबा द्यायचा की नाही यावरून मानवेंद्रनाथ रॉय वेगळे झाले. १९४२ नंतर काँग्रेस आणि समाजवादी पुढारी तुरुंगात, कम्युनिस्ट मोकळे, त्यामुळे आयटक त्यांच्या हातात गेली. युद्धाला त्यांनी ‘लोकयुद्ध’ म्हटलं आणि चले जाव पासून ते लांब राहिले. ती गोष्ट त्यांना पुढे बराच काळ भोवली. शेवटी ३ मे १९४७ रोजी काँग्रेसने इंटक हा आपला वेगळा महासंघ काढला, १९४८ मध्ये समाजवाद्यांची हिंद मजदूर सभा निघाली.

अहमदाबादचं मजूर महाजन, गांधीजींच्या वळणाचं, आयटकमध्ये कधी आलंच नाही. हे अनेकदा विसरलं जातं.

सगळे कामगार एक म्हणतात, मग दलित कामगारांना त्यात जागा होती का?

हा प्रश्न टाळून इतिहास सांगणं बरं नव्हे. गिरणीत सर्वांत जास्त पगार विणकाम खात्यात. त्या काळच्या मागावर कांडी संपली की नवी कांडी धोट्यात बसवून तिचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून काढावा लागे. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाणार, म्हणून सवर्ण कामगारांनी विणखात्यात अस्पृश्यांना येऊ दिलं नाही. ते कमी पगाराच्या रिंग खात्यात अडकून राहिले.

१९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हाच मुद्दा पुढे ठेवला आणि ही बंदी उठवण्याची मागणी करायला लावली. कामगार पुढाऱ्यांनी ती मागण्यांत घातली, पण मनापासून लढवली नाही. १९३८ साली मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांपुढे बोलताना त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला, संपावर निर्बंध आणणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध, त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र आले आणि मुंबईत संप झाला. एकत्र येता येत होतं, पण नेहमी येत नव्हते.

गोव्याच्या कुडीतही जात होतीच. गावानुसार कूड आणि गावातल्या गावात जातीनुसार क्लब, हे ख्रिस्ती समाजातही चालत होतं.

आयटकने तेव्हा गोव्यात शाखा का काढली नाही?

काढता आली नसती. पोर्तुगालमध्ये १९२६ साली लष्कराने सत्ता घेतली, मग सालाझार आला. १९३० च्या कलोनियल ॲक्टने वसाहतींना खालच्या पायरीवर बसवलं. गोव्याच्या विधिमंडळात त्याच वर्षी लुईस दे मिनेझिस ब्रागांझांनी स्वयंनिर्णयाचा ठराव मांडला, पण त्याला दाद मिळाली नाही. सप्टेंबर १९३३ मध्ये पोर्तुगालात राष्ट्रीय श्रम संहिता आली. तिने संप आणि टाळेबंदी दोन्ही गुन्हा ठरवले. स्वतंत्र युनियन बंद, त्यांच्या जागी सरकारमान्य ‘सिंदिकातो नासियोनाल’, ज्याची घटना आणि पदाधिकारी सरकारने मान्य करायचे. मालक आणि मजूर एकाच राष्ट्रकुटुंबातले, त्यांच्यात भांडण नसतंच, अशी ती कल्पना.

गोव्यात याला सेन्सॉरची जोड होती. काहीही छापायचं तर आधी सेन्सॉरकडे. लग्नाच्या निमंत्रणपत्रिकांनाही शिक्का लागत असे, हे जुनी माणसं अजून सांगतात. तिथे संपाचं पत्रक कोण छापणार?

पोर्तुगालमध्ये कामगारांचा महासंघ कधी नव्हताच का?

होता, आणि जोरात होता. १९१० साली प्रजासत्ताक आल्यावर संपाला कायदेशीर मान्यता मिळाली. १९१९ साली तिथला महासंघ, सेजेटे, निघाला, म्हणजे आयटकपेक्षा वर्षभर आधी. त्याचा कल अराजकवादी विचाराकडे. १९३३ च्या संहितेविरुद्ध १८ जानेवारी १९३४ रोजी त्यांनी सार्वत्रिक संप पुकारला. मारिन्या ग्रांदे या काच कारखान्यांच्या गावात कामगारांनी काही तास गाव ताब्यात घेतलं. मग धरपकड झाली आणि त्यातल्या अनेकांना केप व्हर्दमधल्या ताराफाल छावणीत नेऊन टाकलं. ती छावणी १९३६ साली उघडली.

पोर्तुगालच्या कामगाराला मोकळी युनियन परत मिळाली ती २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीनंतर. म्हणजे ज्यांच्यावर राज्य केलं त्या गोंयकार कामगारांना हा हक्क राज्यकर्त्यांच्या कामगारांपेक्षा बारा वर्षं आधी मिळाला. पाखल्यांबद्दल (पोर्तुगिजांबद्दल) हळहळणाऱ्या आमच्या काही मित्रांना हे सांगितलं की ते विषय बदलतात.

मग गोव्यातले कामगार तोवर गप्प होते?

नोंदलेले संप शोधू गेलं तर हाताला फार थोडं लागतं. विरोध वेगळ्या वाटांनी झाला. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा युरोपातून परतल्यावर त्यांनी हात घातलेल्या पहिल्या कामांत गोव्याच्या कुणबी मजुरांना आसामच्या चहामळ्यांत नेण्याविरुद्धची मोहीम होती. करारावर अंगठा घेऊन माणसं नेली जात, आणि परतीची वाट त्यांना माहीत नसे. १९२८ साली गोवा काँग्रेस कमिटी काढणारे कुन्हा तेच. १९४६ साली त्यांना अटक झाली, लष्करी कोर्टाने आठ वर्षांची शिक्षा दिली आणि त्यांना पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात ठेवलं.

खाणी आल्या त्या शेवटच्या पंधरा वर्षांत. १९४७ च्या आसपास लोखंडाचं खनिज बाहेर जाऊ लागलं आणि पन्नाशीत जपानने मागणी लावल्यावर डिचोली, सत्तरी, सांगेचे डोंगर उघडे पडू लागले. काम हाताचं. पुरुष पहारी-घणाने फोडत, बायका पाट्या डोक्यावर घेऊन उतारावर खनिज वाहत, मग ट्रक, मग मांडवी-जुवारीतून बार्ज, मग मुरगाव. गोव्यात पहिल्यांदाच एका मालकाखाली शेकडो मजूर एका जागी काम करत होते. युनियनला लागते ती जमीन तयार झाली होती, फक्त परवानगी नव्हती. भारताच्या आर्थिक नाकेबंदीच्या काळात तर याच खनिजावर पोर्तुगीज सरकारचा गाडा चालला. त्यामुळे खाणीवर गडबड खपवून घेतली जाणार नव्हती.

मुरगावची रेल्वे तर इंग्रजांनी बांधली. तिथे युनियन पोचली नाही?

रूळ पोर्तुगीज हद्दीत, कंपनी ब्रिटिश भांडवलाची, चालवायला विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सदर्न मराठा आणि पुढे मद्रास अँड सदर्न मराठा (एम. एस. एम.) रेल्वे. त्या रेल्वेच्या वर्कशॉपांत १९३२ साली नोकरकपातीविरुद्ध मोठा संप झाला, पण तो ब्रिटिश हद्दीत. घाट उतरल्यावर कायदा लिस्बनचा.

मुक्तिलढ्यात कामगार संघटनांचा भाग किती?

लोहियांची १८ जून १९४६ ची मडगावची सभा सगळ्यांना ठाऊक आहे. मुंबईत राहणाऱ्या गोंयकारांचं काम तितकं ठाऊक नाही. जॉर्ज वाझ आणि दिवाकर काकोडकर यांसारख्या कम्युनिस्ट कार्यकर्त्यांनी तिथे गोवन पीपल्स पार्टी उभी केली. कुडी, गोदी, खलाशांच्या वस्त्या हे तिचं क्षेत्र. १९५५ च्या सत्याग्रहात डाव्या पक्षांचे आणि कामगार संघटनांचे कार्यकर्ते तुकड्यांनी आले. १५ ऑगस्टला पोर्तुगीजांनी नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत हरताळ पडला.

मात्र एक खरं. या लढ्यात मजुराच्या मागण्या मागे राहिल्या. आधी पाखले जाऊ देत, मजुरीचं नंतर पाहू, असा सूर होता. तो समजण्यासारखा आहे, पण खाणमालकांच्या तो पथ्यावर पडला.

मुक्तीनंतर काय झालं?

१९६२ पासून भारतीय कायदे गोव्यात लागू होऊ लागले, त्यात कामगार कायदेही आले. जॉर्ज वाझ, जेराल्ड परेरा, नारायण पालेकर यांनी खाणी, बार्जी, बंदर इथे आयटकच्या युनियन बांधायला घेतल्या. इंटक आणि हिंद मजदूर सभाही लगेच उतरल्या. बाहेर इतक्या वर्षांत ज्या फुटी झाल्या होत्या, त्या गोव्याला एकदम, तयार मालासारख्या मिळाल्या. पहिली युनियन कशी असते हे शिकायच्या आधीच तीन झेंडे दारात उभे होते.

पहिल्या निवडणुकीनंतर मुख्यमंत्री झालेले भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणमालक. बहुजन समाज त्यांना आपला माणूस मानत होता, आणि ते बऱ्याच अंशी खरंही होतं. त्यामुळे खाणीवरच्या मजुराला मत देताना एक आणि मजुरी मागताना दुसरं, अशी कसरत करावी लागे.

कुळं आणि मुंडकार यांचा आयटकच्या इतिहासाशी काय संबंध?

थेट नाही. कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा, मुंडकार म्हणजे भटकाराच्या जमिनीत घर करून राहणारा. त्यांच्यासाठी कायदे वेगळे झाले: कूळ कायदा १९६४ चा, मुंडकार कायदा १९७५ चा. पण खाणीवर जाणारा मजूर बऱ्याचदा कुणाचा तरी मुंडकारच असे. घर भटकाराच्या जमिनीत असलेला माणूस संपावर जायला कचरतो.

घरात जुनी कागदपत्रं आहेत. ती कुठे दाखवावीत? अभ्यास करायचा तर कुठे जावं?

आजोबांचं बोटीवरच्या नोकरीचं पुस्तक, कुडीच्या वर्गणीची पावती, युनियनचं कार्ड, असलं काही पेटाऱ्यात सापडलं तर टाकू नका आणि लॅमिनेटही करू नका. बोटींची नावं आणि तारखा वहीत उतरवून घ्या, मोबाइलवर फोटो काढा, आणि मग पणजीच्या पुराभिलेख खात्यात किंवा पाट्टोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात चौकशी करा. पोर्तुगीज काळातली वर्तमानपत्रंही ग्रंथालयात पाहायला मिळतात. पोर्तुगीज येत नसेल तर वाचून दाखवणारी जुनी मंडळी अजून आहेत.

आयटकचे आणि ना. म. जोशींचे कागद दिल्लीत, पूर्वीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात आहेत. नोएडाच्या व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्थेने कामगार इतिहासाची बरीच सामग्री संगणकावर आणली आहे, ती घरी बसून पाहता येते. खलाशांबद्दल विचारायचं असेल तर चिखलीला नुसीची प्रशिक्षण अकादमी आहे. तिथे शिकवणाऱ्यांत जुने तारवटी भेटतात, आणि ते कागदांपेक्षा जास्त सांगतात.